एक प्रिंटर, घरभर कॉम्प्युटर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांमध्ये प्रिंटरवाले इतके निघाले की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकलले. वायफाय आलं, लॅपटॉप आले, फोनवरून प्रिंट द्यायची सोय आली, तरी पेनड्राइव्हवर फाइल घेऊन प्रिंटरच्या खोलीत पळणारी घरं अजून भरपूर आहेत असं दिसतंय. तुमचे प्रश्न थोडे छाटलेत, एकसारखे होते ते एकत्र केलेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण ती खाली पुन्हापुन्हा येणार आहे: वायफाय किंवा लॅनवाला (राउटरला केबलने जोडलेला) प्रिंटर हा नेटवर्कवरचा एक स्वतंत्र कॉम्प्युटरच असतो, त्याचा स्वतःचा पत्ता असतो, आणि तो पत्ता पक्का केला की निम्मी डोकेदुखी तिथेच जाते.

प्रश्न: जुना लेझर प्रिंटर आहे, फक्त यूएसबी केबलवाला, वायफाय वगैरे काही नाही. तो डेस्कटॉपला लावलाय. घरात अजून दोन लॅपटॉप आहेत, दोन्ही वायफायवर. दर वेळी केबल काढ-घाल करून कंटाळा आलाय. नवीन प्रिंटर न घेता काही होईल का?

होईल, आणि काहीही विकत न घेता होईल. विंडोजमध्ये ही सोय पूर्वीपासून आहे, फक्त दोन ठिकाणी लपवलेली आहे म्हणून लोकांना सापडत नाही.

आधी डेस्कटॉपवर सेटिंग्ज उघडा, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथे आपल्या प्रिंटरवर क्लिक करून प्रिंटर प्रॉपर्टीज उघडा (प्रिंटिंग प्रेफरन्सेस नाही हं, ते वेगळं), त्यात शेअरिंग नावाचा टॅब आहे, तिथे 'शेअर धिस प्रिंटर'वर टिक करा आणि एक नाव द्या. नाव छोटं, इंग्रजी अक्षरांत आणि मधे स्पेस नसलेलं ठेवा, कारण ते नंतर हाताने टाइप करायची वेळ येऊ शकते.

हे एवढं करून लोक थांबतात आणि मग लॅपटॉपवर प्रिंटर दिसत नाही म्हणून वैतागतात. दुसरा भाग नेटवर्कचा आहे. विंडोज प्रत्येक नेटवर्कला पब्लिक किंवा प्रायव्हेट समजतं, आणि पब्लिक असेल तर ते आपलं काहीच कुणाला दाखवत नाही, जे बाहेरच्या वायफायवर योग्यच आहे. घरच्या वायफायवर मात्र प्रायव्हेट निवडायला हवं, डेस्कटॉपवरही आणि दोन्ही लॅपटॉपवरही. त्यानंतर नेटवर्क अँड इंटरनेट, अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज इथे जाऊन नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग ही दोन्ही बटणं चालू करा.

आता लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, जो छोटा चौकोन येतो त्यात दोन बॅकस्लॅश आणि लगेच डेस्कटॉपचं नाव टाइप करून एंटर मारा. शेअर केलेला प्रिंटर दिसेल, त्यावर डबल क्लिक केलं की ड्रायव्हर (प्रिंटरशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर) येतो आणि काम झालं. डेस्कटॉपचं नाव सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथे मिळेल.

काही जण अजून होमग्रुप (घरातल्या मशीनमध्ये शेअरिंग करायची विंडोजची जुनी सोय) शोधतायत असं पत्रांवरून दिसलं. शोधू नका, २०१८ साली विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीतच तो काढून टाकलाय, जुन्या लेखांमध्ये फक्त उरलाय.

या सगळ्याची एक अट आहे आणि ती टाळता येत नाही: डेस्कटॉप चालू हवा आणि जागा हवा. तो स्लीपमध्ये गेला की घरात कुणालाच प्रिंट मिळणार नाही. त्यामुळे पॉवर सेटिंगमध्ये स्क्रीन बंद होऊ द्या पण स्लीपच्या पुढे 'नेव्हर' करा. दिवसभर डेस्कटॉप चालू ठेवणं पटत नसेल तर पुढे फोनच्या प्रश्नात दुसरा मार्ग सांगितलाय.

मॅक असेल तर हेच काम सिस्टम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, प्रिंटर शेअरिंग इथे होतं, जागं राहायची अट तिथेही आहेच.

प्रश्न: तुम्ही म्हणता तसं सगळं केलेलं आहे. पण लॅपटॉप आधी युजरनेम-पासवर्ड मागतो, मी रोजचा पिन टाकतो तर तो घेत नाही. कसंतरी पुढे गेलो तर शेवटी '११बी' असलेला एक लांबलचक एरर येतो. पूर्वी हेच सगळं व्यवस्थित चालायचं!

चालायचं खरं, आणि का बंद झालं त्याला कारण आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकेक करून घेऊ.

पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, तो नेटवर्कवरून चालतच नाही. तिथे डेस्कटॉपवरच्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो बऱ्याच जणांना आठवत नाही कारण रोज पिनच टाकतात. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे डेस्कटॉपवर फक्त प्रिंटसाठी एक वेगळं लोकल खातं काढा. अकाउंट्स, अदर युजर्स, अॅड अकाउंट, मग ईमेल मागेल तिथे 'माझ्याकडे या व्यक्तीची साइन-इन माहिती नाही' अशा अर्थाची ओळ दाबा आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडा. साधं नाव, बरा पासवर्ड. लॅपटॉपने विचारलं की डेस्कटॉपचं नाव, बॅकस्लॅश, त्या युजरचं नाव आणि पासवर्ड द्यायचा, 'रिमेंबर'वर टिक करायची, पुन्हा विचारणार नाही. पूर्वी पासवर्ड न देता गेस्ट म्हणून आत शिरता यायचं, ते दार विंडोजच्या नव्या आवृत्त्यांमध्ये बंद होत गेलंय आणि ते पुन्हा उघडायच्या भानगडीत पडू नका.

आता तो ११बी. २०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये एक मोठं भोक सापडलं, प्रिंटनाइटमेअर या नावाने ते गाजलं. स्पूलर म्हणजे प्रिंटचं काम रांगेत लावणारी सर्व्हिस, आणि ती सिस्टमच्या पूर्ण अधिकारांनी चालते, त्यामुळे तिच्यातून शिरलेला माणूस अख्ख्या मशीनचा मालक होऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टने मग त्या वर्षी प्रिंटिंगवर एकामागून एक अपडेट काढली. ऑगस्टपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला अॅडमिनचे अधिकार लागायला लागले आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर, दोन मशीनमधल्या बोलण्याची सुरक्षा वाढवल्यामुळे, जगभर हा ११बी दिसायला लागला.

म्हणून पहिला उपाय सगळ्यात कंटाळवाणा: दोन्ही मशीनवर सगळी अपडेट टाका आणि रिस्टार्ट करा. एक अपडेटेड आणि एक जुनाट असं असलं की हमखास भांडण होतं. इंटरनेटवर सगळीकडे रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) एक ओळ टाकून ही वाढवलेली सुरक्षाच बंद करायचा सल्ला मिळेल, चालतो तो, पण म्हणजे मायक्रोसॉफ्टने बंद केलेली वाट पुन्हा उघडायची, मी तरी तसं करायला सांगणार नाही.

त्यापेक्षा हे करून बघा. लॅपटॉपवर प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून टाका. मग प्रिंटर हाताने जोडायचा पर्याय घ्या, तिथे 'क्रिएट अ न्यू पोर्ट'मध्ये (पोर्ट म्हणजे प्रिंटचं काम कुठल्या वाटेने पाठवायचं ते) 'लोकल पोर्ट' निवडा आणि पोर्टचं नाव म्हणून दोन बॅकस्लॅश, डेस्कटॉपचं नाव, बॅकस्लॅश, शेअरचं नाव असं टाइप करा. पुढे यादीतून तो ड्रायव्हर निवडा. यात लॅपटॉप डेस्कटॉपकडे ड्रायव्हर मागतच नाही, त्याच्याकडे आधीच असतो, तो फक्त काम पाठवतो, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी हा एरर येत नाही. (शेअरचं नाव छोटं ठेवा म्हटलं होतं ते यासाठीच.)

प्रश्न: आमचा वायफाय प्रिंटर आहे. पहिल्या दिवशी मस्त चालला. आता अधूनमधून लॅपटॉपवर 'ऑफलाइन' दाखवतो, प्रिंटर समोर चालू असतो, दिवा लागलेला असतो, आणि गंमत म्हणजे त्याच वेळी फोनवरून प्रिंट निघते! प्रिंटर काढून पुन्हा जोडला की काही दिवस चालतो.

या एका तक्रारीची पत्रं सगळ्यात जास्त होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोनवरून निघते हाच पुरावा आहे की प्रिंटर आणि वायफाय दोन्ही ठीक आहेत. फरक शोधायच्या पद्धतीत आहे. फोन दर वेळी नव्याने हाक मारतो, 'इथे कुणी प्रिंटर आहे का', आणि जो ओ देतो त्याला काम देतो. लॅपटॉपने मात्र पहिल्या दिवशीच प्रिंटरचा पत्ता टिपून ठेवलेला असू शकतो आणि तो तिथेच दार वाजवत बसतो. तो पत्ता राउटर वाटतो आणि तो उसना असतो, ठरावीक काळासाठी. प्रिंटर काही दिवस बंद राहिला, राउटर रिस्टार्ट झाला, की त्याला दुसरा पत्ता मिळू शकतो. काल १९२.१६८.१.५ होता, आज १९२.१६८.१.९ झाला, लॅपटॉपला कुणी सांगितलंच नाही. मग तो बिचारा म्हणणार ऑफलाइन.

उपाय राउटरमध्ये आहे. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून आत जा (बहुतेक वेळा तो राउटरच्या मागच्या स्टिकरवर असतो), तिथे डीएचसीपीच्या (पत्ते वाटायच्या) पानावर अॅड्रेस रिझर्व्हेशन किंवा स्टॅटिक लीज असं काहीतरी असेल. तिथे प्रिंटरचा मॅक अॅड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक, मॅक कॉम्प्युटरशी याचा संबंध नाही) आणि त्याला कायमचा हवा तो पत्ता, समजा १९२.१६८.१.५०, यांची जोडी लावून द्या. मॅक अॅड्रेस प्रिंटरच्याच मेनूमधून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापलं की त्यावर मिळतो. प्रिंटर बंद करून चालू करा, झालं, आता तो कायम ५० वरच राहणार. काही जण प्रिंटरच्या मेनूतच पत्ता हाताने भरतात, तेही चालतं, पण मग तोच पत्ता राउटरने दुसऱ्या कुणाला द्यायला नको एवढं बघावं लागतं. राउटरमधलं रिझर्व्हेशन जास्त सुटसुटीत.

आता लॅपटॉपलाही तो पक्का पत्ता सांगायचा. विंडोज आपणहून प्रिंटर जोडतं तेव्हा बऱ्याचदा डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट बनवतं, आणि या ऑफलाइनच्या नाटकात तो नेहमीचा संशयित आहे. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स टॅबवर जा, अॅड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, आणि तिथे १९२.१६८.१.५० टाका. मग त्याच टॅबवर 'कॉन्फिगर पोर्ट' उघडून 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' ही टिक काढा. ही टिक असताना विंडोज मधूनमधून प्रिंटरची तब्येत विचारतं आणि उत्तर आलं नाही तर त्याला ऑफलाइन ठरवतं, प्रिंटर धडधाकट असला तरी.

एवढं सगळं करायच्या आधी एक अर्ध्या मिनिटाची तपासणी मात्र करा. प्रिंटर्सच्या यादीत तुमचा प्रिंटर दोनदा-तीनदा दिसतोय का, पुढे 'कॉपी १' वगैरे लागलेला? काढून पुन्हा जोडत राहिलं की हे होतं, आणि डिफॉल्ट म्हणून त्यातला मेलेलाच निवडलेला असतो. जादाचे काढून टाका. आणि प्रिंटच्या रांगेची खिडकी उघडून 'यूज प्रिंटर ऑफलाइन'वर चुकून टिक नाहीये ना तेही बघा.

प्रश्न: नवा राउटर लावला आणि प्रिंटरला वायफायच दिसेना. बाकी सगळ्यांना दिसतंय.

बरेच घरगुती प्रिंटर वायफायच्या दोन बँडपैकी (लहरींच्या पट्ट्यांपैकी) फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, ५ त्यांना कळतच नाही. नवीन राउटर दोन्ही बँड एकाच नावाने दाखवतात, त्यात काही प्रिंटर गोंधळतात. राउटरमध्ये २.४ चालू आहे ना ते बघा, आणि जमत असेल तर प्रिंटर जोडेपर्यंत दोन्ही बँडना वेगळी नावं द्या. एकदा जोडला की लॅपटॉप ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी काही बिघडत नाही, राउटर एकच आहे ना, मग ते एकमेकांशी बोलतात.

दुसरा संशयित सुरक्षेचा. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) ठेवला असेल तर जुना प्रिंटर जोडला जाणार नाही, डब्ल्यूपीए२ आणि ३ असं मिश्र सेटिंग ठेवा. डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता जोडायचं) बटण वापरणार असाल तर राउटरवरचं दाबल्यावर दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं दाबायचं असतं, तेवढ्यात मेनू शोधत बसू नका, आधीच शोधून ठेवा.

आणि राउटर बदलणार असाल तर एक युक्ती: नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षरन् अक्षर तसंच, कॅपिटल-स्मॉलसकट. बहुतेक प्रिंटर, टीव्ही, कॅमेरे काही न सांगता जोडले जातात.

प्रश्न: वरच्या मजल्यासाठी जुना राउटर दुसऱ्या खोलीत लावलाय. वरून इंटरनेट चालतं पण खालचा प्रिंटर दिसत नाही. खाली आलं की दिसतो.

वरचा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क बनवून बसलाय. खाली पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील आणि वर १९२.१६८.० किंवा दुसऱ्याच कशाने, तर खात्रीच झाली. इंटरनेट बाहेर जायचं असतं म्हणून ते जातं, पण प्रिंटरला मारलेली हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. वरच्या राउटरला अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका म्हणजे तो पत्ते वाटायचं काम सोडून देईल आणि सगळे एकाच नेटवर्कवर येतील. असा मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला खालच्या मालिकेतला एक मोकळा पत्ता द्या आणि खालून आलेली केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या केबलसाठीच्या) भोकाऐवजी लॅनच्या भोकात लावा.

याच्याच जवळचं एक: गेस्ट वायफायवरून प्रिंटर दिसत नाही अशी दोन-तीन पत्रं होती. नाहीच दिसणार, गेस्ट त्यासाठीच असतं. काही राउटरमध्ये मुख्य वायफायवरही एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन चालू असतं, त्याने वायफायवरची उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत, ते बंद करा.

प्रश्न: ऑफिसच्या लॅपटॉपवरून घरच्या प्रिंटरवर प्रिंट जात नाही, स्वतःच्या लॅपटॉपवरून जाते.

कारण व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणारा बोगदा. तो चालू असताना लॅपटॉप सगळं ऑफिसच्या बोगद्यातून पाठवतो, शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतो. व्हीपीएन बंद करून प्रिंट द्या आणि पुन्हा चालू करा, किंवा ऑफिसच्या आयटीवाल्यांना लोकल नेटवर्कला परवानगी देता येईल का विचारा. ते नाही म्हणाले तर त्यांच्याशी भांडू नका, फाइल यूएसबी केबलने छापा, तीही बंद केलेली नसेल तर.

प्रश्न: फोनवरून प्रिंट द्यायची आहे पण प्रिंटर यूएसबीवाला, डेस्कटॉपला जोडलेला. पूर्वी गूगलची काहीतरी सोय होती ना?

होती, क्लाउड प्रिंट, ती ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली. आता फोनचं प्रिंटिंग घरातल्या नेटवर्कवरूनच होतं. आयफोनमध्ये एअरप्रिंट २०१० पासून आहे आणि अँड्रॉइडमध्ये ८ व्या आवृत्तीपासून मोप्रियावर (प्रिंटर कंपन्यांच्या सामायिक पद्धतीवर) आधारित सोय आतच येते, वेगळं अॅप लागत नाही. पण दोघांनाही समोर असा प्रिंटर लागतो जो नेटवर्कवर स्वतः ओ देईल आणि ड्रायव्हरशिवाय काम घेईल. विंडोजने शेअर केलेला यूएसबी प्रिंटर हे करत नाही, म्हणून फोनला तो दिसत नाही.

मधे कुणीतरी दुभाष्या हवा, आणि तो म्हणजे कप्स. मॅक आणि लिनक्सवर प्रिंटिंगचं सगळं काम हीच प्रणाली बघते. घरात पडून असलेला जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा कॉम्प्युटर असेल तर त्यावर लिनक्स टाका, कप्स आणि अवाही ही दोन पॅकेजेस टाका, यूएसबी प्रिंटर त्याला जोडा. त्याच मशीनवर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:६३१ उघडलं की कप्सचं पान येतं, तिथे प्रिंटर जोडून शेअरिंगवर टिक करायची. अवाही मग नेटवर्कवर जाहीर करतं की इथे प्रिंटर आहे, आणि फोन, मॅक, विंडोज सगळ्यांना तो वायफाय प्रिंटर असल्यासारखा दिसतो. हे मशीन वीजही किरकोळ खातं, दिवसभर चालू राहिलं तरी चालतं, म्हणजे पहिल्या प्रश्नातली डेस्कटॉप जागा ठेवायची कटकटही गेली. माझ्या मते यूएसबी प्रिंटर अजून धड चालत असेल तर त्याच्यासाठी हाच सगळ्यात चांगला शेवट आहे, पण एक संध्याकाळ डोकं घालायची तयारी हवी.

हे करायला घेण्याआधी एवढंच तपासा की तुमच्या मॉडेलचा लिनक्स ड्रायव्हर आहे. काही साधे लेझर प्रिंटर पान रचायचं सगळं काम कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरकडून करून घेतात, त्यांचा लिनक्स ड्रायव्हर नसेल तर हा बेत तिथेच संपतो. आणि रास्पबेरी पायसाठी असेल तर ड्रायव्हर त्यातल्या आर्म जातीच्या प्रोसेसरवर चालणारा लागतो, फक्त इंटेलसाठीचा उपयोगाचा नाही.

आयफोनवाल्यांसाठी एक भर: एखाद्या कंपनीच्या अॅपला प्रिंटर सापडत नसेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली लोकल नेटवर्कची परवानगी बघा. आयओएस १४ पासून ती प्रत्येक अॅपला वेगळी द्यावी लागते आणि पहिल्यांदा विचारतं तेव्हा आपण घाईत नाही म्हणून टाकतो.

प्रश्न: राउटरला यूएसबी पोर्ट आहे, त्यात प्रिंटर खुपसला तर?

राउटरच्या माहितीपत्रकात 'प्रिंट सर्व्हर' हा शब्द असेल तर खुपसा. नसेल तर तो पोर्ट बहुधा पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्कपुरताच आहे. चाललं तरी साधी प्रिंट निघेल, शाई किती उरली वगैरे दिसेलच असं नाही आणि स्कॅन तर बहुतेक विसराच.

प्रश्न: ऑल-इन-वन शेअर केला, प्रिंट सगळीकडून येते पण स्कॅन फक्त डेस्कटॉपवरून होतं.

विंडोजचं शेअरिंग फक्त प्रिंटर शेअर करतं, स्कॅनर नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. प्रिंटरला स्वतःचं वायफाय असेल तर तो थेट नेटवर्कवर घ्या, मग स्कॅनरही सगळ्यांना दिसेल. नसेल तर नॅप्स२ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात स्कॅनर शेअर करायची सोय आहे. आणि दोन-चार पानंच असतील तर फोनने काढलेलं स्कॅन आता इतकं बरं येतं की एवढा उपद्व्याप करायची गरज नाही.

प्रश्न: बाहेरगावी असताना घरच्या प्रिंटरवर प्रिंट द्यायची आहे. एकाने राउटरमध्ये पोर्ट ९१०० उघडायला सांगितलं.

उघडू नका. पोर्ट म्हणजे इथे नेटवर्कवरचं नंबर दिलेलं दार. ९१०० वर येईल ते प्रिंटर निमूटपणे छापतो, कोण आहे काय आहे विचारत नाही. घराच्या आत ते ठीक आहे, पण इंटरनेटवर असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे लोक आहेत. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये एकाने असे जगभरचे हजारो प्रिंटर शोधून त्यांच्यावर एका यूट्यूब चॅनेलची जाहिरात छापून काढली होती. ते हसण्यावारी गेलं, पण त्याच वाटेने दुसरं काहीही येऊ शकतं. बाहेरून द्यायचीच असेल तर राउटरमध्ये व्हीपीएन सर्व्हर असतो का बघा, त्यातून आधी घरच्या नेटवर्कवर या आणि मग प्रिंट द्या. काही कंपन्या ईमेलने प्रिंट द्यायची सोय देतात, तीही चालेल.

जाता जाता, ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकला की त्याचं स्वतःचं सेटिंगचं पान उघडतं, तिथला अॅडमिन पासवर्ड बदलून टाका, बऱ्याच घरांत तो कंपनीने दिलेलाच असतो नाहीतर रिकामाच असतो.

प्रश्न: एक प्रिंट अडकली आहे, कॅन्सलही होत नाही, तिच्या मागे सगळ्यांच्या अडकल्यात. रिस्टार्ट केलं तरी ती तिथेच.

विंडोज आणि आर दाबून सर्व्हिसेस.एमएससी टाइप करा, यादीत प्रिंट स्पूलर शोधून स्टॉप करा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमध्ये जा आणि आतल्या फाइल्स डिलीट करा, फोल्डर नका करू. स्पूलर पुन्हा स्टार्ट करा. शेअर केलेला प्रिंटर असेल तर हे त्याच मशीनवर करायचं ज्याला केबल लावली आहे, लॅपटॉपवर करून उपयोग नाही. सगळ्यांच्या रांगेतल्या प्रिंट जातील, त्या पुन्हा द्याव्या लागतील, घरात आधी सांगून ठेवा.

प्रश्न: प्रिंटर सगळ्यांना शेअर केल्यापासून रंगीत शाई भराभर संपते. कोण संपवतंय ते कळेल का?

कळेल की. ज्या विंडोज मशीनला प्रिंटर जोडलाय तिथे इव्हेंट व्ह्यूअर उघडा, अॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, प्रिंटसर्व्हिस असं खाली जा, तिथल्या 'ऑपरेशनल'वर राइट क्लिक करून एनेबल लॉग करा. त्यानंतर छापलेल्या प्रत्येक कामाची ३०७ नंबरची नोंद पडते, कुठल्या युजरने, किती पानं. आधीचं काही सापडणार नाही, हे चालू केल्यापासूनचंच. प्रिंटर स्वतःच वायफायवर असेल तर मात्र नोंदी ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर पडतात, आणि फोनच्या तर पडतच नाहीत, म्हणजे संशयाला जागा राहतेच.

त्यापेक्षा कमी भांडणाचा उपाय सांगतो. तोच प्रिंटर विंडोजमध्ये दोनदा जोडा, एकाला 'काळा' आणि एकाला 'रंगीत' असं नाव द्या. पहिल्याच्या प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड टॅबवर 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स'मध्ये जाऊन ब्लॅक अँड व्हाइट आणि दोन्ही बाजूंना छपाई लावून ठेवा आणि तोच डिफॉल्ट करा. ज्याला खरंच रंगीत हवंय तो यादीतून दुसरा निवडेल. बाकीचे न बघता कंट्रोल-पी दाबून एंटर मारतात, त्यांची सगळी पानं काळीच येतील, आणि बहुतेकांना ते कळणारही नाही.